वर बघत चालूया: चुकीच्या नावाने जग फिरून आलेलं एक जपानी गाणं

अनुवादिनी (धागाकर्ती)

जपानी शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या वर्षात कधीतरी हे गाणं शिकवतात. पुण्यात आमच्या वर्गातही शिकवलं. बाईंनी फळ्यावर ओळी लिहिल्या, एकेका क्रियापदाचं रूप सोडवून दाखवलं आणि मग कॅसेट लावली. 'उए ओ मुइते आरुकोओ'. वर बघत चालूया. का, तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. आम्ही 'सांडू नये म्हणून' हे रूप वहीत उतरवून घेत होतो आणि माझ्या शेजारची मुलगी मान वर करून छताकडे बघत बसली होती.

पुढे कळलं की जपानबाहेर हे गाणं 'सुकियाकी' या नावाने ओळखतात. सुकियाकी म्हणजे गोमांसाचे पातळ काप, कांद्याची पात, टोफू, सोया सॉस आणि साखर असं सगळं उथळ लोखंडी भांड्यात, टेबलावरच शिजवून खायचा पदार्थ. गाण्यात खाण्यापिण्याचा एक शब्द नाही. एक माणूस रात्री एकटा चालला आहे. त्याला वसंत आठवतो, उन्हाळा आठवतो, शरद आठवतो. सुख ढगांच्या वर आहे, आभाळाच्या वर आहे, असं तो स्वतःला सांगतो. एवढंच. हे नाव मला तेव्हापासून खुपत आलं आहे, म्हणून हा धागा.

आधी गाणं कुठून आलं ते सांगते. शब्द एई रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची, आवाज साकामोतो क्यू याचा. जपानीत रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. तिघांच्या नावांत हे आकडे खरोखर लिहिलेले आहेत, म्हणून तिकडे या त्रयीला 'सहा-आठ-नऊ' म्हणत. क्यू हा त्याच्या आईवडिलांचं नववं मूल.

१९६० साली जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्ध तोक्योत लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. एई त्या मोर्च्यांत होते. १५ जूनला संसदेच्या आवारातल्या झटापटीत कानबा मिचिको ही तोक्यो विद्यापीठाची विद्यार्थिनी मरण पावली. चारच दिवसांनी, १९ जूनला, करार आपोआप मंजूर झाला. एवढं करून काहीच हाती लागलं नाही, या उद्वेगात घराकडे चालत येणाऱ्या तरुणाची ती रात्र या गाण्यात आहे. पण एईंनी शब्दांत मोर्चा येऊ दिला नाही, प्रेयसी येऊ दिली नाही, काहीच येऊ दिलं नाही. दुःख कसलं हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे ते कोणाचंही होऊ शकतं. माझ्या मते गाण्याची खरी ताकद इथे आहे.

१९६१च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं, मग एनएचकेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून घराघरांत गेलं आणि १५ ऑक्टोबर १९६१ला तोशिबाने तबकडी काढली. जपानभर गाजलं.

पुढचा भाग नावाचा. ब्रिटनच्या 'पाय रेकॉर्ड्स' या तबकडी कंपनीचे लुई बेंजामिन जपानला गेले असताना त्यांनी ही चाल ऐकली. परत येऊन त्यांनी केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून ती नुसत्या वाद्यांवर वाजवून घेतली. मूळ नाव इंग्रज निवेदकांच्या जिभेवर बसणार नाही म्हणून त्यांना माहीत असलेला जपानी शब्द दिला, सुकियाकी. ती तबकडी जानेवारी १९६३मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेली. इकडे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावच्या रेडिओ निवेदकाने क्यूची मूळ जपानी तबकडी लावली, लोक ती पुन्हापुन्हा मागू लागले आणि कॅपिटल रेकॉर्ड्सने ती बाजारात आणली. आवाज क्यूचाच, शब्द जपानीच, नाव मात्र सुकियाकी.

१५ जून १९६३च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत, हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. ब्रिटनमध्ये सहाव्यापर्यंत पोचलं. अमेरिकेत दहा लाखांवर तबकड्या खपल्या. महायुद्ध संपून अठरा वर्षं झाली होती. ज्या देशाने आपल्याच जपानी वंशाच्या लाखभर माणसांना छावण्यांत कोंडलं होतं, तिथे जपानी भाषेतलं गाणं घरोघर वाजत होतं.

तारीख परत बघा. १५ जून. कानबा मिचिकोच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. करार ज्या देशाशी, तिथेच ते गाणं पहिलं आलं, आणि कोणालाच माहीत नव्हतं ते कशाबद्दल आहे.

न्यूजवीकने तेव्हाच लिहिलं होतं की हे म्हणजे 'मून रिव्हर' हे अमेरिकन गाणं जपानमध्ये 'बीफ स्ट्यू' नावाने विकण्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं? नाव बदललं हे ठीक झालं का?

---

तिसरी_घंटा

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. गाणं लगेच ऐकलं. शेवटाकडे तो शीळ घालतो तिथे थांबले.

---

रोखठोक_नाना

अनुवादिनीताई, लेख आवडला, पण नावाबाबत तुमच्याशी सहमत नाही. चाळीस वर्षं मी मालाच्या विक्रीत काढली, त्यामुळे या बाजूने बघतो.

तेव्हाची यादी कशी बनायची ते लक्षात घ्या. दुकानदार सांगायचे कुठली तबकडी किती खपली आणि रेडिओ स्टेशनं सांगायची काय वाजतंय. म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात जाऊन नाव उच्चारता आलं पाहिजे आणि निवेदकाला ते हवेत उच्चारता आलं पाहिजे. नाव तोंडात बसलं नाही तर माल फळीवरच राहतो.

दुसरं, ही तीच कॅपिटल कंपनी, जी १९६३मध्ये बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत काढायला नकार देत होती. इंग्रजीत गाणाऱ्या पोरांना नाही म्हणणाऱ्या कंपनीने न कळणाऱ्या भाषेतलं गाणं घेतलं, ते मूळ आवाजात ठेवलं, इंग्रजी गायकाकडून परत गाऊन घेतलं नाही. ही लहान जोखीम नव्हे. त्या बदल्यात नाव गेलं. गोल लेबलावर एवढं लांब जपानी नाव अमेरिकेत कोण छापणार होतं?

---

अनुवादिनी

नानाकाका, आवाज आणि भाषा तशीच ठेवली याचं श्रेय मी देते, पूर्ण देते. पण नाव लहानच हवं होतं तर 'आरुकोओ' एवढं पुरलं असतं. चालूया. तीन अक्षरं. जेवणाच्या यादीतला शब्द उचलला, कारण जपान म्हटलं की त्यांना तेवढंच सुचलं. मला खुपतं ते हे. लांबी हे कारण मला पटत नाही.

---

भाता_आणि_सूर

मी पेटी शिकवतो, म्हणून चालीबद्दल लिहितो. मुखड्याची सुरुवात पेटीवर काढून पाहा: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. जपानीत या सप्तकाला 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा काढलेला. त्यांच्या शाळेच्या गाण्यांतून ते तिकडच्या कानांत मुरलं आहे. आपल्याकडे हेच पाच स्वर म्हटले की भूप आठवतो.

योगायोग असा की याच १९६१ साली बाबूजींचं 'ज्योति कलश छलके' आलं, लताबाईंच्या आवाजात. तेही याच पाच स्वरांत. तो भूप की देसकार यावर गुणीजन अजून वाद घालतात, आणि तो वादच सांगतो की स्वर तेच असले म्हणून राग तोच होत नाही. कुठे थांबता, कशावर जोर देता, यावर सगळं. क्यूच्या गाण्याखाली पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड चालतात, त्यामुळे तेच स्वर वेगळे उदास होतात. वर तो 'आरुकोओ'चा शेवटचा ओ असा काही हेलकावत, गळ्यात गुदमरल्यासारखा तोडतो की बस. तो मुळात रॉकबिली, म्हणजे सुरुवातीच्या धाटणीचं रॉक, गाणारा. एईंना त्याची ती फेक सुरुवातीला रुचली नव्हती असं वाचलं आहे. मला विचाराल तर त्या फेकीमुळेच शब्द न कळणाऱ्यांना गाणं कळलं. हुंदका दाबणारा माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

---

बीट्सवेडी

मी बीटीएस या कोरियन गटाची चाहती आहे, वय २१, आणि हे गाणं मला माहीत नव्हतं याचं वाईट वाटतंय! कोरियन 'गंगनम स्टाइल' २०१२मध्ये अमेरिकेच्या यादीत सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं. बीटीएसचं 'डायनामाइट' २०२०मध्ये पहिलं आलं पण ते इंग्रजीत होतं. संपूर्णपणे नाही तरी मुख्यतः कोरियनमध्ये असलेलं 'लाइफ गोज ऑन' त्याच वर्षी पहिलं आलं तेव्हा आम्ही रात्रभर जागलो होतो. आणि ५७ वर्षं आधी एक मुलगा एकटा तिथे जाऊन आला होता, यूट्यूब नाही, चाहत्यांची फौज नाही! जपानी भाषेतलं दुसरं कुठलं गाणं नंतर पहिलं आलं का?

---

अनुवादिनी

नाही, जपानी भाषेतलं तेवढंच. १९६३ वर्ष मात्र विलक्षण होतं. डिसेंबरात एका बेल्जियन जोगिणीने गायलेलं फ्रेंच 'दोमिनिक'ही अमेरिकेत पहिलं आलं. म्हणजे एका वर्षात दोन परभाषिक गाणी. त्यानंतर दोनच महिन्यांत बीटल्स अमेरिकेत पोचले.

क्यूचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं. ऑगस्ट १९६३मध्ये तो अमेरिकेत जाऊन स्टीव्ह ॲलनच्या कार्यक्रमात गायला. पण पुढची तबकडी 'चायना नाइट्स' ५८व्या क्रमांकापर्यंतच गेली. जपानमध्ये तो शेवटपर्यंत सगळ्यांचा लाडका 'क्यू-चान' राहिला.

---

एडिसनवासी

नावाच्या मुद्द्यावर. माझं नाव विश्वंभर. इथे अमेरिकेत आलो तेव्हा पहिल्या नोकरीत, पहिल्याच दिवशी, 'व्हिक' असं छापलेला बिल्ला हातात दिला. विचारलं नाही. मी तो लावला आणि अकरा वर्षं त्या नावाला ओ दिली. काम मिळालं, बढती मिळाली, घर झालं. नानाकाका म्हणतात तसा माल फळीवर राहिला नाही.

पण एकदा आईने ठाण्याहून तिथे फोन केला. माझा मोबाइल लागत नव्हता आणि बाबांना दवाखान्यात हलवलं होतं. तिने विश्वंभर म्हणून विचारलं. पलीकडच्या बाईने सांगितलं, या नावाचं इथे कोणी काम करत नाही. आईने माफी मागून फोन ठेवला. मला बातमी रात्री कळली.

बाबा बरे झाले त्यातून. मी दुसऱ्या दिवशी बिल्ला बदलून मागितला. महिनाभर लोक अडखळले, मग सगळे व्यवस्थित म्हणायला लागले. जीभ शिकते.

---

रोखठोक_नाना

विश्वंभर, वाचून गलबललो. माझ्या हिशेबात फोन करणारी आई नव्हती.

---

कावासाकीकर

मी गेली नऊ वर्षं कावासाकीत राहतो. क्यू साकामोतोचा जन्म इथला. आमच्या केइक्यू कावासाकी स्टेशनवर गाडी येताना याच गाण्याची धून वाजते. रोज सकाळी फलाटावर हजारो माणसं मोबाइलमध्ये मान घालून उभी असतात आणि वर बघायला सांगणारी ती धून वाजत असते. माझी मुलगी इथल्या बालवाडीत गेली तेव्हा महिन्याभरात ते म्हणायला लागली.

अनुवादिनीताईंनी शेवट लिहिला नाही, मी लिहितो, कारण इथे तो कोणी विसरत नाही. १२ ऑगस्ट १९८५, संध्याकाळ. ओबोनचे दिवस, म्हणजे पितरांसाठी गावी जायचे दिवस, त्यामुळे विमानं भरलेली. तोक्योहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान. सात वर्षांपूर्वी शेपटी धावपट्टीला घासली होती, तेव्हा मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती चुकीची झाली होती. ती भिंत हवेत फाटली, शेपटीचा उभा पंख गेला, नियंत्रण गेलं. तरी वैमानिकांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते हवेत धरून ठेवलं. तेवढ्या वेळात काही प्रवाशांनी घरच्यांना चिठ्ठ्या लिहिल्या. गुनमातल्या डोंगरात ते कोसळलं. ५२४पैकी ५२० गेले. त्यात क्यू होता, ४३ वर्षांचा.

आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्या वर्षी त्यांनी हे गाणं रेडिओवर लागलं की बंद करायला सुरुवात केली. सुख ढगांच्या वर आहे ही ओळ ऐकवत नसे. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर एका पेयकंपनीच्या जाहिरातीत कितीतरी कलाकारांनी एकेक ओळ गायली, तेव्हा त्या पुन्हा ऐकायला लागल्या.

---

तिसरी_घंटा

'अ टेस्ट ऑफ हनी'चं १९८१चं इंग्रजी 'सुकियाकी' आत्ता ऐकलं. तिथे ते सरळ प्रेमभंगाचं गाणं झालंय. गोड आहे, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं म्हणे. पण अनुवादिनी म्हणतात ती मोकळी जागा त्यात भरून टाकली आहे.

---

गावखडीची_माई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. तिसरी_घंटा यांनी शीळ म्हटलं म्हणून मीही गाणं लावलं आणि शीळ आली तशी हातातली सुरी खाली ठेवली. ही आमच्या बाबांची शीळ.

बाबा बोटीवर होते, इंजिनरूममध्ये फिटर. चौसष्ट साली सुट्टीवर आले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोहून चारपाच लहान तबकड्या आणल्या होत्या, आणि पुढच्या खेपेला ग्रामोफोन. त्यातली एक ते सारखी लावायचे. मी तेव्हा लहान, मला चाल आठवत होती, नाव नाही. एक दिवस आजीने लेबलावरचं नाव वाचून घेतलं माझ्या काकाकडून आणि बाबांना विचारलं, सुकियाकी म्हणजे काय रे? बाबा आईशी खोटं बोलत नसत. त्यांनी सांगितलं. आजीने भांडण केलं नाही, एवढंच म्हणाली, देवघराच्या भिंतीपलीकडे हे नको. दुसऱ्या दिवशी तबकडी माळ्यावरच्या ट्रंकेत गेली आणि परत कधी लागली नाही.

त्यानंतर बाबा ती शिळेवर म्हणायचे. पोफळींना पाणी लावताना, विहिरीवर, सुट्टी संपत आली की जास्त. आम्ही तिला 'बाबांची जपानी शीळ' म्हणायचो. आजी अंगणात बसून ऐकायची. एकदा म्हणाली होती, ही चांगली आहे हो. तिला कळलं नाही ते तेच गाणं आहे, आणि बाबांनी सांगितलं नाही. बाबांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

शब्दांचा अर्थ मला आज कळला. ते बोटीवर नऊ-नऊ महिने असायचे.

---

भाता_आणि_सूर

माई, ट्रंक अजून आहे का? तबकडी असेल तर ऊन लागू देऊ नका, आणि उभी ठेवा, आडवी नको. वाजवायचं मी बघतो, माझ्याकडे चालू स्थितीतला टर्नटेबल आहे. अमेरिकन छोट्या तबकडीला मधे मोठं भोक असतं, त्यात बसवायची प्लास्टिकची चकती लागते. तीही आहे. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला कार्यक्रमासाठी येतोय, सगळं घेऊन येईन.

---

गावखडीची_माई

या, नक्की या. मुलाला माळ्यावर चढवलं. ट्रंक आहे, तबकडी पण आहे. कागदी पाकीट वाळवीने खाल्लंय पण तबकडीला काही झालेलं नाही. केशरी-पिवळ्या भोवऱ्यासारखं लेबल आहे, कॅपिटल लिहिलंय, नंबर ४९४५. मधलं भोक मोठंच आहे. एका बाजूला सुकियाकी.

दुसऱ्या बाजूला पण त्याचंच गाणं आहे. ते नाव खूप लांब आहे, इंग्रजी लिपीत पण जपानी असावं. मुलाने एकेक अक्षर वाचून दाखवलं ते लिहिते: आनोको नो नामाएवा नान्तेनकाना. अनुवादिनीताई, याचा अर्थ काय?

---

रोखठोक_नाना

एवढं लांब? त्याच लेबलावर छापलंय?

---

अनुवादिनी

हो नानाकाका, त्याच लेबलावर, मागच्या बाजूला, पूर्णच्या पूर्ण.

माई, त्याचा अर्थ: 'त्या मुलीचं नाव काय बरं असेल?'